थंडीतील नेमबाजी : माणसाची आणि बंदुकीची काळजी

वसंतातल्या व्याख्यानमालेत थंडीचा विषय काढावा, हे काही श्रोत्यांना चमत्कारिक वाटेल. बाहेर अंगाला घाम सुटतो आहे, आणि हा गृहस्थ घोंगडी व शेकोटीच्या गोष्टी सांगत बसला आहे! परंतु आपण घर शाकारतो ते पाऊस येण्यापूर्वी, पाऊस सुरू झाल्यावर नव्हे. थंडीची तयारीही थंडी नसतानाच डोके शांत ठेवून करता येते.

दुसरी शंका याहून रास्त आहे. कामगार चळवळीतल्या माणसाचा बंदुकीशी संबंध काय? मी सैनिक नव्हतो आणि शिकारी तर नव्हतोच. माझे शालेय शिक्षण सातवीत थांबले. पुढचे सारे शिक्षण कामगारांच्या तक्रारींनी दिले. गिरणीतल्या माणसाची तक्रार आली म्हणजे साच्याची माहिती करून घ्यावी लागते, भट्टीवरच्या माणसाची आली म्हणजे भट्टीची. बंदुकीची विद्याही मला अशाच एका तक्रारीने शिकवली. ती तक्रार आधी सांगतो, म्हणजे पुढचे विवेचन नुसते पुस्तकी वाटणार नाही.

साधारण वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या भागातल्या एका कारखान्यात फाटकावर बंदूकधारी रखवालदार होते. वर्षातून एकदा त्यांना चांदमारीच्या मैदानावर नेऊन नेमबाजीची परीक्षा घेत असत. त्या वर्षी जानेवारीत, रात्रपाळी संपताच, घरी न जाऊ देता त्यांना तसेच पहाटे मैदानावर नेले. त्यांत मुरबाडकडचे एक वयस्क रखवालदार होते. त्यांना सारे ‘मामा’ म्हणत. मामांच्या पाच काडतुसांपैकी दोन उडालीच नाहीत, आणि उरलेल्या तीन गोळ्या फळ्यावर तीन दिशांना गेल्या. कचेरीने शेरा मारला : नजर गेली, बंदुकीच्या कामास अपात्र. आता बंदूक गेली की बंदुकीचा भत्ता जातो, आणि मामांची धाकटी मुलगी त्या वर्षी कॉलेजात होती. मामा माझ्याकडे आले आणि एवढेच म्हणाले, “भाऊ, माझी नजर गेलेली नाही. त्या दिवशी हात माझे नव्हते.”

हे वाक्य माझ्या मनात घर करून राहिले. मी जवळच्या गावातल्या एका निवृत्त हवालदारांकडे गेलो. त्यांनी सारी हकीगत ऐकून घेतली आणि पहिलाच प्रश्न विचारला, “रायफलीला तेल कोणते घातले होते?” मी मामांना विचारून आलो होतो; म्हटले, “खोबरेल.” हवालदार हसले. त्यांनी कोनाड्यातली खोबरेल तेलाची बाटली काढून माझ्यापुढे उलटी धरली. थेंबही सांडला नाही. थंडीने ते पांढरे, घट्ट झाले होते. “हेच त्या बोल्टमध्ये बसले होते,” ते म्हणाले. त्या दिवसापासून पुढचे दोन महिने मी त्यांचा विद्यार्थी झालो. पुढे सांगतो आहे ते त्या शाळेतले, आणि नंतर वाचून, विचारून पडताळलेले.

प्रथम आपल्या थंडीचे स्वरूप पाहू. शहापूर आणि मुरबाड हे तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी आहेत. माहुली, माळशेज, सिद्धगड यांच्या कड्यांवरून रात्री गार हवा खाली उतरते आणि तानसा, भातसा, काळू यांच्या खोऱ्यांत साचून राहते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा कधी दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर धारातीर्थी पडलेले भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना वंदन करण्यासाठी दर वर्षी त्या दिवशी जे लोक तेथे जमतात, त्यांना ही थंडी मी सांगायला नको. काश्मीरच्या मानाने ती काहीच नव्हे. परंतु तिचा एक गुण काश्मीरच्या थंडीहून वाईट आहे. ती ओली असते. भेंडीच्या मळ्यात पहाटे तोडणीला जाणाऱ्या बायांचे लुगडे गुडघ्यापर्यंत भिजते ते पावसाने नव्हे, दवाने. आणि दुपारी हाच पारा तिशीकडे जातो. म्हणजे आपल्याकडे नेमबाजाचे दोन शत्रू आहेत : एक पाणी, आणि दुसरा गार-गरम यांतला अचानक फरक.

दव का पडते हे एकदा समजले की निम्मे काम झाले. हवेत पाण्याची वाफ असते. ऊन हवेत ती पुष्कळ मावते, गार हवेत थोडी. तीस अंशांच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम पाणी वाफेच्या रूपाने राहू शकते. तीच हवा दहा अंशांवर आली की जेमतेम ९ ग्रॅम. उरलेले पाणी जाणार कोठे? ते जवळच्या गार वस्तूवर थेंबांच्या रूपाने बसते. माठातल्या पाण्याने भरलेल्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो तो यामुळेच. बंदुकीची नळी हा असाच एक तांब्या आहे, हे लक्षात ठेवावे.

आता माणसाकडे येऊ. कारण बंदूक माणसाच्या हातात असते. थंडी वाजू लागली की शरीर प्रथम काळीज, फुप्फुसे, पोट यांचे रक्षण करते आणि हातापायांकडचे रक्त आखडून घेते. हा शरीराचा शहाणपणाच आहे. पण नेमबाजाचे सारे कौशल्य बोटाच्या पेरात असते. चाप किती दाबला गेला हे त्या पेराला कळावे लागते. बोट बधिर झाले की चाप हळू दाबण्याऐवजी हिसकला जातो, आणि गोळी नेम सोडून जाते. त्यातून अंगाला कापरे भरले तर विचारायलाच नको. मामा ‘हात माझे नव्हते’ म्हणाले, त्यात शास्त्राचा हा सारा अर्थ होता.

यावर उपाय साधे आहेत. एक जाड कोट घालण्यापेक्षा दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घालावेत. दोन कपड्यांमध्ये अडकलेली हवाच ऊब धरते. मैदानापर्यंत चालताना घाम येऊ लागला तर वरचा कपडा काढावा, आणि उभे राहिल्यावर पुन्हा घालावा. घामाने भिजलेला सुती सदरा हा थंडीचा दलाल आहे. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेते. लोकर ओली झाली तरी थोडी ऊब राखते. म्हणून म्हशाच्या जत्रेतून आणलेल्या घोंगडीला आपले वाडवडील जीव लावीत ते उगीच नव्हे. एक कोरडा सदरा आणि कोरडे मोजे पिशवीत असू द्यावेत.

पडून नेम धरायचा असेल तर वरच्या पांघरुणापेक्षा खालच्या अंथरुणाला महत्त्व अधिक. दवाने भिजलेली जमीन पोटातली ऊब शोषून घेते. खाली भाताचा पेंढा, त्यावर गोणपाट, त्यावर दुहेरी घोंगडी, असे घातले तर अर्धा तास सुखाने पडून राहता येते. पेंढा आपल्याकडे कोणाच्याही खळ्यावर मिळतो. त्यासाठी विलायती चटई आणायला नको.

हातमोजे घालावेत, पण चापाच्या बोटावर जाड मोजा नसावा. जाड बोट चापाच्या कड्यात शिरताना नकळत दाब देते आणि गोळी सुटते. मैदानावरचे काही अपघात अशाच क्षुल्लक कारणांनी होतात. त्या बोटापुरता मोजा कापावा, आणि दोन गोळ्यांच्या मध्ये, बंदूक रिकामी करून खाली ठेवल्यावर, हात काखेत किंवा खिशात धरावा. हात लाकडी दस्त्यावर ठेवावा, लोखंडावर नव्हे. पोलाद हातातली उष्णता ओढून घेते, लाकूड तितकी घेत नाही.

मफलर नाकावर घेऊ नये. नाकातली वाफ वर चढून चष्म्यावर आणि दुर्बिणीच्या काचेवर बसते. मग माशीच दिसत नाही, तर नेम कशाचा धरणार? मफलर हनुवटीखाली बांधावा. कानटोपी घातली असेल तर आधी कानात बोळे घालून मग टोपी ओढावी. आवाज अडवणारे कर्णकवच टोपीवरून लावले तर फट राहते आणि आवाज आत शिरतो. थंडी एका दिवसाची, बहिरेपण जन्माचे. आणखी एक. जाड स्वेटरमुळे दस्ता खांद्यापासून पुढे राहतो आणि डोळा रोजच्या जागी येत नाही. म्हणून ज्या कपड्यांत परीक्षा द्यायची, त्याच कपड्यांत सराव करावा.

खाण्यापिण्याचे थोडक्यात. शरीर ही भट्टीच आहे. सरपण नसेल तर ती पेटणार कशी? मैदानावर जाण्यापूर्वी भाकरी, गूळ-शेंगदाणे असे काही पोटात असावे. चहा जरूर घ्यावा, पण कपामागून कप नको, हात थरथरतो. दारूने ऊब येते हा समज घातक आहे. दारूने कातडीकडचे रक्त वाढते, त्यामुळे ऊब वाटते; प्रत्यक्षात शरीरातली उष्णता बाहेर निघून जाते. शिवाय दारू प्यालेल्या माणसाच्या हाती बंदूक असूच नये, मग ऋतू कोणताही असो. शेकोटी असली तर ती मैदानापासून दूर असावी. काडतुसे तिच्या आसपास नेऊ नयेत, आणि भिजलेली बंदूक तिच्यावर धरून वाळवू नये. शेकोटीकडे टक लावून लगेच फळ्याकडे पाहू नये. डोळे दिपलेले असतात.

आता बंदुकीची पाळी. पहिली गोष्ट वंगणाची. बोल्टच्या पोटात स्प्रिंगवर चालणारी एक पिन असते. चाप ओढला की ती पुढे झेपावते आणि काडतुसाच्या बुडाशी असलेल्या टोपीवर आदळते. त्या ठिणगीने दारू पेटते. पिनेभोवती तेल घट्ट झाले तर तिचा वेग मरतो, ठोका हलका बसतो आणि काडतूस उडत नाही. खोबरेल तेल सुमारे २४ अंशांखाली गोठू लागते. म्हणजे आपल्याकडच्या कोणत्याही थंड पहाटे ते गोठणारच. केसांना ते उत्तम, बंदुकीला नव्हे. बंदुकीचे पातळ तेल वापरावे. ते न मिळाले तर शिवणयंत्राचे. तेही थेंबभरच, फडक्याने पुसून. तेल जास्त म्हणजे काळजी जास्त, हा गैरसमज मोठमोठ्यांनाही भोवला आहे. १९४१ च्या हिवाळ्यात मॉस्कोच्या दारापर्यंत पोचलेल्या जर्मन सैन्याची हत्यारे वंगण गोठल्याने ठिकठिकाणी अडून बसली.

दुसरी गोष्ट नळीची. साठवताना नळीत तेलाचा हलका हात असावा. पण गोळी झाडण्यापूर्वी पुलथ्रूला कोरडी चिंधी लावून नळी स्वच्छ पुसलीच पाहिजे. तेलकट नळीतून निघालेली पहिली गोळी पुढच्या गोळ्यांच्या जागी लागत नाही. नळीत घट्ट वंगण, चिखल किंवा चिंधीचा तुकडा अडकलेला असेल तर नळी फुटून माणूस जायबंदी होऊ शकतो. म्हणून बंदूक रिकामी असल्याची खात्री करून, बोल्ट काढून, नळीतून उजेड आरपार दिसतो का हे दर वेळी पाहावे.

तिसरी गोष्ट घरी परतण्याची. येथेच बहुतेकजण चुकतात. गार पडलेली बंदूक ऊबदार खोलीत आणून लगेच कपाटात ठेवली की तिच्या अंगावर, नळीत, बोल्टच्या सांध्यांत दव धरते. कपाट बंद, पाणी आत. आठवड्याने पाहावे तो तांबेरा. त्यासाठी बंदूक पिशवीत बंद असतानाच आत आणावी आणि कुलुपाच्या जागी तास-दीड तास तशीच राहू द्यावी. दव पडायचे ते पिशवीवर पडेल. बंदूक खोलीइतकी ऊबदार झाली की पिशवी उघडून पुसावी, नळी साफ करावी, तेलाचा हात फिरवावा आणि मग ठेवावी. पण त्या दमट पिशवीत किंवा चामड्याच्या म्यानात नव्हे. चामडे ओल धरून ठेवते. त्या दिवशी गोळ्या झाडल्या असतील तर साफसफाई दुसऱ्या दिवसावर टाकू नये, कारण जळलेल्या दारूची राख हवेतली ओल ओढते. जुन्या काडतुसांच्या टोप्यांमधल्या रसायनाने तर नळीत एक प्रकारचे मीठच साचे, म्हणून जुने शिपाई नळी गरम पाण्याने धूत. दस्त्याच्या लाकडालाही विसरू नये. ते ओलीने फुगते, नळीला टेकते आणि नेम सरकतो.

चौथी गोष्ट काडतुसांची. थंडीत दारू किंचित मंद जळते, गोळीचा वेग थोडा घटतो आणि ती थोडी खाली लागते. पंचवीस-पन्नास मीटरांवर हा फरक आपल्या थंडीत नगण्य आहे. त्याचा बाऊ करू नये. काडतुसे मात्र कोरडी ठेवावीत. चाप ओढूनही काडतूस उडाले नाही, तर नळीचे तोंड फळ्याकडेच ठेवून निदान अर्धा मिनिट थांबावे; ओलसर किंवा हलका ठोका बसलेले काडतूस उशिरा उडू शकते. घाईने बोल्ट उघडणे म्हणजे स्वतःच्या डोळ्यांशी खेळणे होय.

हवेच्या बंदुकीने सराव करणाऱ्या मुलांसाठीही दोन शब्द. कार्बन डायऑक्साइडच्या नळकांड्यावर चालणारी बंदूक थंडीत दुबळी होते. वीस अंशांना त्या वायूचा दाब वातावरणाच्या सुमारे ५७ पट असतो, दहा अंशांना तो सुमारे ४५ पटीवर येतो. म्हणून पहाटे छर्रे खाली लागू लागले तर स्वतःला दोष देण्याआधी नळकांडे हाताला लावून पाहावे. स्प्रिंगच्या बंदुकीत ग्रीस घट्ट होते. सुरुवातीचे काही छर्रे हिशेबात धरू नयेत. या साऱ्याला कायद्याची चौकट आहे हेही विसरू नये. बंदुकीला १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखालचा परवाना लागतो, सराव मान्य मैदानावरच करायचा असतो, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानंतर रानात सशावर नेम धरणे हा खेळ नव्हे, गुन्हा आहे.

आपल्याहून कितीतरी कडक थंडीत नेम धरणारे लोक आहेत. एप्रिल १९८४ पासून भारतीय जवान सियाचीनवर पहारा देत आहेत. तेथे पारा उणे पन्नासपर्यंत उतरतो आणि उघडा हात लोखंडाला लागला तर कातडी चिकटते. युरोपात बायथलॉन नावाचा खेळ आहे. खेळाडू बर्फावरून घसरपट्ट्यांवर धावत येतो आणि पन्नास मीटरांवरच्या लक्ष्यावर नेम धरतो. पडून नेम धरताना ते लक्ष्य अवघे ४५ मिलिमीटर रुंद असते. पण त्या खेळाचा एक नियम मला फार मोलाचा वाटला. हवा उणे वीस अंशांहून गार असेल तर शर्यत सुरूच करीत नाहीत. म्हणजे जगातल्या उत्तमोत्तम नेमबाजांच्या बाबतीतही कोणीतरी कबूल केले आहे की माणसाची परीक्षा घेण्यापूर्वी परिस्थितीची परीक्षा घ्यावी लागते.

मामांच्या बाबतीत हेच झाले नव्हते. रात्रभर जागलेला, दवात भिजलेला, उपाशी माणूस. गोठलेल्या तेलाची बंदूक. ओल्या जमिनीवर पडून मारलेल्या गोळ्या. आणि शेरा काय, तर नजर गेली! आम्ही युनियनतर्फे कचेरीला पत्र दिले. त्यात घोषणा नव्हत्या. वर सांगितलेली कारणे एकाखाली एक लिहिली होती. मागणी एवढीच की रात्रीच्या विश्रांतीनंतर, सकाळी दहा वाजता, साफ केलेल्या त्याच रायफलीने पुन्हा परीक्षा घ्यावी. थोडी खळखळ झाली. पण पत्रातले एकही कारण खोडता येण्यासारखे नव्हते. परीक्षा झाली. दोन्ही तऱ्हेची मंडळी मैदानाच्या कडेला उभी होती. पाचही काडतुसे उडाली. चार गोळ्या काळ्यात लागल्या, पाचवी किंचित बाहेर गेली. मामा उठून अंगावरचा पेंढा झाडत म्हणाले, “भाऊ, ती पाचवी माझी. तिचा दोष थंडीला देऊ नका.”

भत्ता राहिला. पुढल्या वर्षापासून रात्रपाळीच्या माणसाची परीक्षा त्याच पहाटे घ्यायची नाही, असे लेखी ठरले.

१ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पन्नास मीटर रायफलीत कांस्यपदक मिळवले. ते मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होते. वासिंद, आसनगाव, कसाऱ्यावरून जाते तीच ही रेल्वे. ती बातमी वाचताना मला मामा आठवले. आपल्या तालुक्यांतली मुले पोलिसात, सैन्यात, छात्रसेनेत जातात. काही उद्या खेळातही जातील. त्यांना माझे सांगणे एवढेच. थंडीत बंदूक कोरडी ठेवा, तिला गार-गरम सावकाश होऊ द्या आणि बंद करण्याआधी पुसा. हेच तीन नियम स्वतःच्या अंगालाही लावा. आणि उद्या तुम्ही दुसऱ्याची परीक्षा घेण्याच्या जागी बसलात, तर माणसाला अपात्र ठरवण्याआधी एकदा तेलाची बाटली उलटी करून पाहा.